दान केव्हा पुरे होते?

18 एप्रिल 1951 रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावी भूमिहीन हरिजनांनी विनोबांजवळ 80 एकर जमीन मागितली, तेव्हा त्यांपैकी निम्मी ओलिताची व निम्मी जिरायत असावी असेही त्यांनी सांगितले होते. गावचे जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी तेथल्या तेथे 100 एकर देऊ केले आणि भूदानयज्ञास प्रारंभ झाला. ते शंभर एकर सर्वांच्या स्मरणात राहिले, पण मागणाऱ्यांनी इतक्या नेमकेपणाने घातलेली पाण्याची अट मात्र मागे पडली.

दात्याने हातावर उदक सोडले की दान पुरे झाले, की घेणाऱ्याच्या घरात त्या जमिनीचे धान्य आले म्हणजे ते पुरे समजावे, हा प्रश्न शेतकीइतकाच धर्माचाही आहे. भूदानात मिळालेली पुष्कळशी जमीन खडकाळ वा पडीक होती. दप्तरी फेरफार नोंदला गेला, खातेदार म्हणून नाव चढले, तरी ज्याच्या दावणीला बैल नाही त्याला तो मागून आणावा लागतो, आणि धन्याची पेरणी आटोपून औत याच्या बांधावर येईपर्यंत रानाचा वाफसा उडून गेलेला असतो. मग तो पुन्हा त्याच धन्याच्या मजुरीला जातो. विनोबांनी हे ओळखले होते; साधनदान आणि कूपदान या मागण्या त्यांच्याच. परंतु गावोगाव एकरांचे आकडे जितके गाजले, तितक्या विहिरी काही खणल्या गेल्या नाहीत.

आपल्या धर्मशास्त्राने यज्ञयागादी इष्टकर्मांच्या जोडीला विहिरी-तलाव बांधण्याचे पूर्तकर्म सांगितले आणि तलावाचा उत्सर्ग सर्व भूतांसाठी करावा असा विधी घातला. एवढा उदार विधी असतानाही महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांना मज्जाव होता, आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सहस्रावधी अनुयायांसह तेथे जाऊन ते पाणी प्यावे लागले. बांधणाऱ्याच्या पुण्याची चिंता वाहणाऱ्या समाजाने पिणाऱ्याचा हक्क कधी मानलाच नाही, हे मला आपल्या पूर्तधर्माचे सर्वांत मोठे वैगुण्य वाटते.

म्हणूनच 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी देवस्थानाची 40 एकर माळजमीन पट्ट्याने घेऊन जे काम आरंभिले, ते पाटबंधाऱ्यांच्या इतिहासाइतकेच धर्मविचाराच्या इतिहासातही नोंदले जावे. त्यातून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतीने उपसा सिंचनाचे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्ध्या एकरापुरते दिले, कुटुंबाला अडीच एकरांची मर्यादा घातली, उसाला मनाई केली, आणि खर्चाचा काही भाग लाभधारकांनीच उचलावा असा दंडक ठेवल्यामुळे घेणारा याचक उरला नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकता येत नसे. भूमिहीनालाही पाण्यात वाटा होता. त्याने तो घेऊन दुसऱ्याचे रान वाट्याने करावे, म्हणजे त्या पाण्यासाठी जमीनवाल्यालाच त्याच्या दारी बोलणी करायला यावे लागे.