विलंबाने फळणारा अपकार

जी इजा तत्काळ दुखते, तिचा बंदोबस्त मनुष्य न सांगता करतो. जी वीस वर्षांनी उगवावयाची, तिजविषयी तो व त्याचा धनी दोघेही उदासीन असतात. अहिल्यानगरजवळच्या नागापूर औद्योगिक वसाहतीत किंवा जिल्ह्यातील साखर कारखान्यांत वेल्डिंगचे काम पाहिले असता याची प्रचीती येते. उघड्या डोळ्यांनी ज्योत पाहिली, तर त्याच रात्री डोळ्यांत वाळू खुपल्यासारखे होते; म्हणून काळी काच सहसा कोणी विसरत नाही. धुराची गोष्ट निराळी.

वितळत्या धातूची वाफ थिजून झालेले कण मिलिमीटरच्या सहस्रांशाहूनही सूक्ष्म असतात. रुमालास न जुमानता ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या धुराने रात्री हुडहुडी भरते व एक-दोन दिवसांत ती ओसरते. तेवढ्याने धूर बाधून निघून गेला असा समज होतो. परंतु पोलादातील मँगनीज कालांतराने मज्जासंस्थेस बाधते. स्टेनलेस स्टीलच्या, तसेच ऊस पिळणाऱ्या रोलरांवर चढवावयाच्या कठीण थराच्या धुरात क्रोमियम असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर मनुष्यास निश्चितपणे कर्करोगकारक ठरविला. आपल्याकडे मात्र यावर गुळाचा खडा हा उपाय समजला जातो. गूळ जठरात जातो, धूर फुप्फुसात. दोहोंची गाठ पडावयाची कोठे?

कोणी म्हणेल, कामगार राजीखुशीने हे काम पत्करतो. परंतु खऱ्या संमतीस परिणामाचे ज्ञान व नकार देण्याची सोय या दोन्ही गोष्टी लागतात. घरी चूल पेटावयाची असता दुसरी नसते, आणि पहिली त्यास कोणी दिलेली नसते. शिवाय या अपकारास फिर्यादी मिळत नाही. दम लागू लागेपर्यंत कंत्राटदार बदललेला असतो, कारखाना सुटलेला असतो, आणि सारा दोष बिडीच्या माथी मारणे सोपे जाते.

म्हणून आमचे मत असे की, जेथे पुरावा मागाहून यावयाचा, तेथे कर्तव्य आधी झाले पाहिजे. ज्योतीपाशीच धूर ओढून घेणारी नळी, योग्य मुखवटा व ठराविक मुदतीने फुप्फुसांची तपासणी यांचा खर्च मालाच्या किमतीवर पडेल. तो आपण आनंदाने सोसावा. खिडकीचे गज व चहातील साखर आज आपणांस थोडी स्वस्त पडत असेल, तर उरलेली किंमत कोणीतरी आपल्या श्वासाने भरीत आहे.