कोवळा हिरडा

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगांत, उन्हाळा लागला की अंगणे काळी दिसू लागतात. महादेव कोळी कुटुंबांनी वाळत घातलेला तो बाळहिरडा असतो. आठळी धरण्यापूर्वीच उतरवलेले हे कोवळे फळ वाळून काळे पडते आणि पक्व हिरड्यापेक्षा त्याला भाव अधिक मिळतो. भातशेती पावसाच्या भरवशावर. हाती रोख पैसा येतो तो बहुधा या फळातून.

आम्हांला अस्वस्थ करणारा प्रश्न इथेच उभा राहतो. आठळीच न धरलेल्या फळातून नवे झाड कसे उगवावे? बाजार ज्याला अधिक मोल देतो, ते नेमके उद्याच्या झाडाचे बीज आहे. मग ‘थोडी फळे झाडावर राहू द्या’ असे आम्ही शहरात बसून सांगतो. सांगणे सोपे आहे. त्रिफळा चूर्णाची बाटली आमच्या कपाटात असते आणि झाडावर चढलेला माणूस आमच्या ओळखीचा नसतो.

वास्तविक त्या माणसाला संयम नवा नाही. कोणते झाड केव्हा बहरते, कोणती फांदी भार पेलते, हे तो वाडवडिलांकडून शिकलेला असतो. बांधावरचा हिरडा तो वारशासारखा जपतो. नव्या संशोधनाने त्यात भर घातली ती मोजदादीची. पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने भीमाशंकर परिसरात बेहड्याबाबत असे काम केले. जुन्या बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. तेव्हा झाड उभे राहावे, काही फळे त्यावर राखावीत, आणि फेअरवाइल्ड प्रमाणपत्राच्या आधारे गोळा करणाऱ्यास रास्त दर मिळावा, असा तो प्रयत्न. आम्हांला यातला दर सर्वांत महत्त्वाचा वाटतो. राखलेल्या फळाचे मोल विकत घेणाऱ्याने चुकते केले नाही, तर वनरक्षणाचा सारा खर्च गरिबाच्या चुलीवर पडतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या दोन्ही तालुक्यांतील हिरड्याचे मोठे नुकसान केले. भरपाईसाठी आदिवासींना पुढे आंदोलने करावी लागली. भात गेला तर एका हंगामाचा हिशेब मांडता येतो. हिरड्याचे रोप आज लावले तरी फळ धरायला कित्येक वर्षे जातात. आजोबांनी राखलेले झाड उन्मळून पडले, तर पंचनाम्याच्या कागदावर त्याची किती वर्षे लिहायची?