सासवडचा दुसरा मुक्काम

पुण्याहून सातारा रस्त्याने येताना चेलाडीचा फाटा मागे पडला की कामथडी येतं. उजव्या हाताला नसरापूर आणि बनेश्वर, पुढे कापूरहोळ. भाताची खाचरं आहेत म्हणून इथल्या माणसाला गाव सुटत नाही, आणि नुसत्या खाचरांवर भागत नाही म्हणून शिरवळच्या आणि खेड शिवापूरच्या कारखान्यांच्या बसगाड्या माणसांनी भरून जातात.

या गोष्टीतला माणूस अशाच एका बसने जाणारा. वय एकोणचाळीस, तीन पाळ्यांची नोकरी, दीड एकर भात, बायको, दोन पोरं आणि घरात वडिलांची थोरली बहीण. गावात त्याला फिटर म्हणतात. आपल्यालाही तेवढं नाव पुरे.

मार्चमध्ये कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासलं. मागच्या तीन महिन्यांची साखर साधारण किती होती ते सांगणारी एचबीए१सी नावाची तपासणी असते. तिचा आकडा ६.५ किंवा त्याच्या वर गेला की मधुमेह धरतात. फिटरचा आला ६.९. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली, ताटातला भात निम्मा करायला सांगितला आणि रोज चालायला सांगितलं.

“पळालो तर चालेल?”

“पळा की. पण आधी हृदयाची तपासणी करून घ्या, मग हळूहळू वाढवा, आणि रोज रात्री तळपाय बघत जा.”

फिटरने तपासणी केली, तळपायही बघू लागला. मधला ‘हळूहळू’ मात्र त्याच्या कानात शिरला नाही. त्याच्या वडिलांचं पाऊल याच दुखण्यात कापावं लागलं होतं. घाबरलेल्या माणसाला बारीक उपाय पटत नाही. त्याने त्याच आठवड्यात डिसेंबरमधली पुण्याची मॅरेथॉन मनात धरली. तीही पूर्ण, म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. तोवर तो पळाला होता तो फक्त सुटणाऱ्या एसटीमागे.

त्यात फाट्यावरच्या टपरीवर गुरुजी भेटले. निवृत्त झाल्यापासून गुरुजींचा वर्ग तिथेच भरतो. मॅरेथॉन म्हटल्यावर ते सावरून बसले. “१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याने शर्यती भरवल्या होत्या. अध्यक्षस्थानी सर दोराबजी टाटा. पळणारे बरेचसे शेतकरी, पायात काही नाही. त्यांच्या वेळा बघून टाटा थक्क झाले. म्हणाले, ही माणसं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? पुढच्याच वर्षी हिंदुस्थानचा संघ अँटवर्पला गेला. त्यात आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले. मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद! आणि त्या साली अंतरही जास्त होतं, पावणेत्रेचाळीस किलोमीटर.” मग चहाचा घोट घेऊन त्यांनी पुस्ती जोडली, “बरोबर सदाशिव दातार म्हणूनही होते. त्यांची शर्यत काही पुरी झाली नाही.”

फिटर घरी गेला तो चौगुल्यांना घेऊन. दातार टपरीवरच राहिले.

एप्रिलमध्ये तो तीन किलोमीटर पळत होता, मेच्या शेवटाला वीस. रात्रपाळी संपवून बसमधून उतरायचं, बूट बदलायचे आणि सेवा रस्त्याने ट्रकांचा धूर खात कापूरहोळ गाठायचं. तिथून केतकावळ्याच्या बालाजी मंदिराकडे वळायचं. पुढचा नारायणपूरचा चढ त्याला बोलवत असायचा. आठ तास मशीनपाशी उभं राहिलेले पाय हेच, हे त्याच्या हिशेबात नव्हतं. वजन उतरलं तसं गावात कौतुक झालं, आणि कौतुकाने अजून दोन किलोमीटर वाढले. बायको एकदा म्हणाली, “अहो, झोपता कधी तुम्ही?” त्यावर तो हसला.

जूनच्या तोंडावर उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखू लागलं. साधं पाय भरून आल्यासारखं नव्हतं ते. बोटाने दाबलं की एकाच जागी कळ यायची. त्याने बाम चोळला, पट्टी गुंडाळली आणि पळत राहिला. मग एका सकाळी त्याला बसच्या पायऱ्या उतरता येईनात.

हाडांच्या डॉक्टरांनी त्याला समजेल असं सांगितलं. हाडावर एकदम नवा भार आला की शरीर ते मजबूत करायला घेतं खरं, पण आधी जुना भाग खरवडून काढतं आणि नंतर नवा भरतं. “तुमच्या दारात हायवे सहापदरी झाला ना? आधी उखडला, मग भरला. मधले काही आठवडे हाड उखडलेल्या रस्त्यासारखं असतं, नेहमीपेक्षा कमजोर. छाती आणि दम लवकर तयार होतात. हाडाला, पायाच्या कंडरांना वेळ लागतो. तुम्ही उखडलेल्या रस्त्यावरून ट्रक सोडले. आता सहा आठवडे पळणं बंद.”

पळणं बंद म्हटल्यावर फिटरने सगळंच बंद केलं. चालणं सोडलं. आमटीत कालवलेला भात पुन्हा डोंगरासारखा ताटात बसू लागला. नावनोंदणीचे पैसे वाया जाणार म्हणून तो पोरांवर खेकसू लागला.

जुन्या बोधकथेत अशा वेळी दारात एखादा साधू येतो. कामथडीच्या दारात सहसा कुरिअरवाला येतो किंवा वीजबिल. त्यामुळे जे काही कळायचं ते घरातूनच कळावं लागलं.

आत्याच्या वीसएक वाऱ्या झालेल्या. दरवर्षी ती पुण्यातून दिंडीबरोबर निघायची. यंदा गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून तिने फिटरला सांगितलं, “मला गाडीवरनं सासवडला सोड. तिथनं पुढं जमंल तेवढं चालते.” पाळी नव्हती, पळणं नव्हतं, नाही म्हणायला सबब नव्हती. कापूरहोळवरून नारायणपूरच्या रस्त्याने, पुरंदरच्या पायथ्याला वळसा घालून, द्वादशीच्या सकाळी दोघं सासवडला पोचले.

फिटरला वाटलं होतं पालखी चालताना दिसेल. तिथे अख्खा गाव तंबूंनी भरलेला आणि कोणी कुठे निघालेलं नव्हतं. धोतरं, लुगडी वाळत पडलेली. न्हाव्यापुढे रांग, चांभारापुढे त्याहून मोठी. मांडवात कॉलेजची पोरं म्हाताऱ्यांच्या पायांना तेल चोळत होती. एकजण घमेल्यात मिठाचं गरम पाणी घेऊन त्यात पाय सोडून पेपर वाचत बसलेला. सोपानकाकांची पालखी तेवढी आज निघणार होती, त्या बाजूला टाळ वाजत होते. माउलींची पालखी जागेवरच.

“आज चाल नाही?”

“आज मुक्काम. सासवडला दोन रात्री असत्यात.”

“पंढरपूर एवढं लांब. आजचा दिवस वाचला असता की.”

आत्याने पिशवी खाली ठेवली. “कुणाचा वाचला असता? काल पुण्यास्नं सासवड झालं. वारीतली सगळ्यात लांब चाल, तीसच्या वर किलोमीटर. त्यात दिवेघाट. त्यात एकादशी, पोटात साबुदाणा आन् शेंगदाणं. रथाला जादा बैलजोड्या लावल्याबिगर घाट चढत न्हाई. आजचा मुक्काम त्या चालीतच धरल्याला हाय. ह्यो वेगळा दिवस न्हवं, लेका.”

मला विचाराल तर वारीकडे सगळे भक्ती म्हणून बघतात, ते खरंच आहे. पण तिच्या वेळापत्रकाकडे कोणी नीट बघत नाही. आळंदीहून निघालं की पुण्यात दोन रात्री, मग सगळ्यात लांबचा टप्पा, त्याच्यामागे लगेच पुन्हा दोन रात्री. आज जशी वारी चालते तशी ती हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली. शिंद्यांच्या पदरी राहिलेला माणूस. फौज किती कोस चालवायची आणि कुठे थांबवायची, हे त्यांना शिकवावं लागलं नसणार. साठी-सत्तरीची, कधी व्यायामशाळा न पाहिलेली माणसं अडीचशे किलोमीटर चालून पंढरपुरात नाचतात, त्यात या थांबण्याचा वाटा केवढा, याचा हिशेब मांडायला हवा.

आत्याने मांडवात पाय पुढे केले. एक पोरगी तेल चोळू लागली. चोळून घेता घेता आत्याने विचारलं, “तू पळताना काय म्हंतोस?”

“म्हणायला दम कुठे असतो?”

“मग ती चाल तुजी न्हाई. आमच्यात अभंग तुटला की विणेकरी मागं बघतो. तोंड बंद पडंल असं कुणी चालायचंच न्हाई.”

फिटर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सासवडला राहिला. काहीच केलं नाही. दोनदा पिठलं-भाकरी खाल्ली आणि एका तंबूत दुपारभर गाढ झोपला. रात्रपाळी लागल्यापासून असा तो झोपला नव्हता.

डॉक्टरांचे सहा आठवडे त्याने पुरे केले. तेवढ्यात पाऊस लागला, भाताची लावणी झाली. न दुखेल एवढं चालणं त्याने रोज ठेवलं. ऑगस्टमध्ये पुन्हा पळायला लागला, तो दोन मिनिटं पळून एक मिनिट चालत. हायवेच्या कडेने मोठ्याने अभंग म्हणायची त्याला लाज वाटली, म्हणून तो पाढे म्हणायचा. एकोणतीसचा पाढा मधे तुटला की वेग कमी करायचा. दमाने तुटला की विसरल्याने, हे मात्र त्याला नेहमी ओळखता यायचं नाही. रात्रपाळीनंतर फक्त झोप. तीन आठवडे अंतर थोडं थोडं वाढवायचं, चौथ्या आठवड्यात निम्म्यावर आणायचं. शेजारी म्हणू लागले, फिटरची हवा गेली.

डिसेंबरसाठी त्याने अर्ज बदलून अर्ध मॅरेथॉनचा केला. गुरुजींचं तोंड उतरलं. “अर्धीच?”

“यंदा अर्धी.” मग काहीतरी आठवून त्याने विचारलं, “गुरुजी, ते दुसरे कोण होते? ज्यांची शर्यत पुरी झाली नाही ते?”

गुरुजींना दोन क्षण लागले. “दातार. अँटवर्पच्या मॅरेथॉनला आपले दोघेच होते, चौगुले आणि ते.”

“म्हणजे अख्ख्या हिंदुस्थानातून दोघांत होते की,” फिटर म्हणाला आणि दोन चहा सांगितले.

अर्ध मॅरेथॉन सुखरूप पार पडली. जानेवारीत रक्त पुन्हा तपासलं, आकडा ६.१. गोळी चालू राहिली. कामाला लागलेला स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न बघताही ओढून घेतो आणि व्यायामानंतरही बराच वेळ ओढत राहतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याला लांब पळावंच लागतं असं नाही, रोजचं चालणंही बरंचसं काम करतं. हे ऐकूनही फिटरने पुढच्या वर्षी पूर्ण मॅरेथॉनला नाव घातलं. पण आता त्यात भीती नव्हती, हौस होती. आषाढवारीला आत्याचा गुडघा बरा होता, तेव्हा दोघं मिळून दिवेघाट चढले. दुसऱ्या दिवशी सासवडला घमेल्यात पाय सोडून फिटरने पेपर वाचला.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सणस मैदानावरून पहाटेच्या अंधारात तो निघाला. तिसाव्या किलोमीटरपर्यंत पाढे शाबूत होते. मग पाय शिशाचे झाले. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण इथेच संपत येते. ज्याला साखर जास्त म्हणून पळायला लागलं होतं, त्यालाच आता ती कमी पडत होती. फिटरला एवढ्या दमातही हसू आलं. डॉक्टरांना विचारून ठेवलेले गूळ-शेंगदाण्याचे लाडू खिशात होते. त्याने एक खाल्ला, पाणी प्यायला आणि लोक पुढे जात असताना सरळ चालू लागला. बत्तीसचा फलक आला तेव्हा तो स्वतःशीच म्हणाला, सासवड आलं. उरलेलं अंतर त्याने थोडं पळत, थोडं चालत काढलं. पावणेसहा तास लागले. चौगुल्यांच्या दुपटीहून जास्त.

सोमवारी त्याने रजा टाकलेलीच होती. मंगळवारी शिरवळच्या बसमध्ये शेजारी नवा पोरगा येऊन बसला. त्याच्याही रक्तात काहीतरी निघालं होतं आणि त्यालाही डिसेंबर गाठायचा होता. “दादा, तुमचं वेळापत्रक लिहून द्या ना.”

फिटरने त्याच्याच वहीतला कागद घेऊन लिहून दिलं. पोरगा वाचू लागला. सोमवार, काही नाही. रात्रपाळीनंतर काही नाही, झोप. चौथा आठवडा, निम्मं. लांब पळण्याच्या दुसऱ्या दिवशी, काही नाही.

“दादा, ही तर सुट्ट्यांची यादी झाली. पळायचं कुठं लिहिलंय?”

“मागच्या बाजूला,” फिटर म्हणाला. “ती तू न सांगता वाचशील, म्हणून ही वर ठेवली.”