सुईला हात लावायचा नाही

इकडे बघ. मान खाली घालून उभा राहू नकोस. मघाशी त्या काकूंच्या खांद्यावर सुई धरलीस, तेव्हा ही नम्रता कुठे होती?

मी मनगट धरलं म्हणून निभावलं. त्यांना स्टुलावर बसवून, पन्नास मिलिमीटरची सुई तू उभी खाली छातीकडे धरली होतीस. त्या स्नायूखाली काय आहे? फुप्फुसाचं टोक क्लॅव्हिकलच्याही वर दोन-तीन सेंटिमीटर येतं, हे पहिल्या वर्षाला शिकवलंय. रुग्णाला झोपवायचं, ट्रॅपेझियस चिमटीत धरून वर उचलायचा, आणि सुई त्या चिमटीच्या आतच राहिली पाहिजे. नाहीतर फुप्फुसाला भोक पडू शकतं. धाप कधी कधी काही तासांनी लागते, रुग्ण घरी पोचल्यावर. तेव्हा तू कुठे असणार होतास?

आणि विचारलंस काय? "काकू, कुठे दुखतंय?" बस्स. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. मी विचारल्याबरोबर त्यांनी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. त्यांनी काही लपवलं नव्हतं, तू विचारलं नव्हतंस. संमतीच्या कागदावर सही मात्र घेतलीस. कशावर सही केली, हे त्यांना माहीत नाही. त्या समजत होत्या, इंजेक्शन आहे, औषध आत जाणार. अरे, औषधाचा थेंबही नसतो म्हणून तर याला 'ड्राय नीडलिंग' म्हणायचं! एवढं सांगायला तुला अर्धं मिनिट जड झालं?

दोन दिवसांचा कोर्स केलास आणि सर्टिफिकेट फ्रेम करून आणलंस. कारेल लेविट यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की नुसत्या सुईनंही दुखणं उतरतं. पण ती अगदी नेमक्या दुखऱ्या जागी लागली तर. ती जागा बोटानं सापडते. ताठलेला पट्टा चाचपायचा, त्यातली गाठ दाबायची, "हेच, हेच ते दुखणं" असं रुग्णाच्या तोंडून आलं पाहिजे. मग सुई. बरोबर लागली तर स्नायू फडकन उडतो, आपल्या बोटाला कळतो. तुझी बोटं त्या खांद्यावर दहा सेकंदसुद्धा टिकली नाहीत.

काकू दिवसभर शिलाई मशिनवर वाकून बसतात. मशिनची उंची विचारलीस? एक तरी व्यायाम शिकवलास? सुईचा आराम बहुतेकदा थोड्या दिवसांचा असतो. तेवढ्या दिवसांत मान आणि खांदा कामाला लावले नाहीत, तर त्या पुन्हा आपल्याच दारात येतात, आणि रिक्षाचे पैसे त्यांचे जातात.

सगळ्यात जास्त राग मला याचा आलाय. सकाळची वापरलेली सुई ट्रेमध्ये कापसाखाली सापडली. सुयांचा पांढरा डबा हातभर अंतरावर होता. आपल्या मावशी रोज तो ट्रे उघड्या हातानं पुसतात. कावीळ, एचआयव्ही हे फक्त परीक्षेत लिहायचे शब्द वाटतात का तुला? आत्ता जा, त्यांची माफी माग.

उद्या सकाळी आठला ॲनाटॉमी हॉलमध्ये ये. मानेपासून बरगडीपर्यंत एकेक थर बोट ठेवून दाखवायचा, पुस्तक न उघडता. ते जमेपर्यंत सुईच्या पाकिटाला हात लावायचा नाही.