रांगेतल्या माणसाला विचारलं तेव्हा

2024 च्या मे महिन्यात अकोल्यात कपाशीच्या एकाच वाणासाठी कृषी केंद्रांपुढं रांगा लागल्या होत्या. ऊन अंग भाजत होतं आणि बाया डोक्यावरचा पदर सावरत तासन्‌तास उभ्या होत्या. दुकानात दुसरे वाणही होते. रांगेतल्या एकाला विचारलं, “दादा, हेच काऊन पाहिजे?” तो म्हणाला, “सारेच लावून राह्यले ना भाऊ.” त्याच्या मागच्याचं उत्तरही तेच. एकाची जमीन काळी भारी, दुसऱ्याची बरड, तिसऱ्याचं शेत पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात. पाकीट मात्र तिघांनाही एकच हवं होतं.

या माणसांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. वर्षाला एकच हंगाम ज्याच्या हाती, त्याला एकटं पडायची भीती वाटणारच. साऱ्या गावासोबत बुडालं तर नशीब म्हणतात. वेगळं काही लावून बुडाला, तर घरचेसुद्धा बोल लावतात. पहिल्या दोघाचौघांनी तो वाण खरोखर पारखलेला असतो. दहावा माणूस मात्र पीक पाहत नाही, नवव्याकडं पाहतो. मग शंभर जणांच्या रांगेत मतं चारच असतात, आणि आपल्याला वाटतं शंभरांनी विचार केला.

याच्या उलट एक गोष्ट ऐका. 1906 साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाच्या मांसाचं वजन ओळखायची पैज लागली होती. फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं नंतर अंदाज लिहिलेल्या 787 चिठ्ठ्या तपासल्या. मधला अंदाज निघाला 1207 पौंड, खरं वजन भरलं 1198. इतकी माणसं मिळून इतकी जवळ पोचली, कारण प्रत्येकानं आपापली चिठ्ठी वेगळी लिहिली होती.

आपल्या वऱ्हाडात अशी वेगळी चिठ्ठी लिहिणारा एक माणूस होऊन गेला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाच्या शेतात राबणारा डेबूजी, पुढचे गाडगेबाबा. लेकीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायची रीत होती. त्यासाठी घरं कर्जात जात, हे सगळ्यांना दिसत होतं, पण पंगतीत बोलणार कोण? डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. नातेवाईक रुसले, तरी तो हटला नाही. पुढं कीर्तनातही बाबा नुसतं सांगत नसत, समोरच्या लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत.

येत्या खरिपाआधी पारावर बसाल तेव्हा एवढं करा. बोलणं सुरू व्हायच्या आधी प्रत्येकानं कागदावर लिहावं : जमीन कोणती, मागच्या साली कोणता वाण लावला, एकरी किती क्विंटल कापूस निघाला, बोंडअळी किती होती. मग कागद मोठ्यानं वाचा. आणि ज्याच्या शब्दावर सारं गाव मान डोलावतं, त्याला सगळ्यात शेवटी बोलू द्या.