गटावर टाकायचं वाक्य

पुस्तकाची तीस-चाळीस पानं झाली की माझ्या मनात एक वाक्य जुळायला लागतं. ते पुस्तकातलं नसतं. ते आमच्या पुस्तकगटावर टाकायचं असतं. एकदा ते जुळलं की पुढचं पुस्तक मी त्या वाक्याच्या बाजूने वाचतो. त्याला पुष्टी देणारा मजकूर आला की पेन्सिल चालते, विरोधात जाणारा आला की डोळे भरभर पुढे सरकतात. रविवारी रात्री मी ते वाक्य बोलतो, तेही आत्ताच सुचल्यासारखं, मध्ये थोडा अडखळून. अडखळणंसुद्धा ठरवलेलं असतं.

आज स्वतःलाच विचारायला बसलोय, तर आडपडदा नको. मला पुस्तकं आवडतात, यात शंका नाही. पण पुस्तकं वाचणारा मी मला त्याहून जास्त आवडतो की काय, एवढं तपासून बघायचं आहे. ज्यांच्यासमोर हा खेळ चालतो त्यांना मी मित्र म्हणतो, म्हणून तर हे तपासणं जरुरीचं.

गट 2020 च्या टाळेबंदीत व्हॉट्सॲपवर सुरू झाला. ठाण्या-नाशिकची मंडळी, बेळगावच्या एक निवृत्त बाई, न्यू जर्सीतलं एक जोडपं, चिपळूणच्या ताई, आणि संगमेश्वर तालुक्यातला एसटीत नोकरी करणारा एक तरुण. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी रात्री सगळे पडद्यावर. मी मिरजोळ्याचा. हाकेच्या अंतरावर रत्नागिरी, एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला विमानतळ, मध्ये आमची चार कलमं. तटरक्षक दलाचं विमान डोक्यावरून जायला लागलं की माझं बोलणं कोणालाच ऐकू येत नाही, आणि न्यू जर्सीच्या वहिनी म्हणतात, “काका, विमान जाऊ दे, मग बोला.” सगळे थांबतात. माझ्या बोलण्यासाठी इतकी माणसं एरवी कुठे थांबतात? एमआयडीसीत हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे सुख माहीत नव्हतं.

पावसात लाईट जाते. मी अंधारात मोबाइल धरून बसतो, पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, आणि ठाण्याहून कोणीतरी म्हणतं, “वा! काय भाग्यवान आहात.” लाईट न येण्यातलं भाग्य मला कधी कळलं नाही, पण मी ते नाकारतही नाही. हळूहळू मी गटाचा कोकणतज्ज्ञ झालो. पागोळ्या म्हणजे काय, गाऱ्हाणं कसं घालतात, काजूच्या बिया कधी वेचायच्या, सगळं मला विचारायचं. घरात मी जे शब्द वापरत नाही ते त्या सभेत वापरतो. बायको आतून ऐकत असते. एकदा म्हणाली, “तुम्ही तिकडे आजोबांसारखे बोलता.” तिने ते गमतीत म्हटलं. माझ्या मनात मात्र ते अजून आहे.

याच तज्ज्ञपणामुळे मी श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’ सुचवलं. दोन जाडजूड खंड, 1987 सालची कादंबरी, जगबुडीकाठच्या एका खोत घराण्याच्या पिढ्या. पेंडसे दापोलीतल्या मुर्डीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. गट दोन महिने त्यात बुडाला. मी नकाशा काढून टाकला, खोताचा वाडा कसा असतो ते सांगितलं, ओटी कुठे, माजघर कुठे. बेळगावच्या बाईंनी माझ्या टिपणांची वही करून ठेवली. मी खूश.

शेवटच्या रविवारी संगमेश्वरचा मित्र बोलला. तो एरवी फार बोलत नाही. म्हणाला, “कादंबरी मला आवडली. पण खोतांच्या पोरांची नावं मला पाठ झाली आणि कुळं आठवायला गेलो तर घाऊक आठवतात. माझा आजा तसाच होता काका, घाऊक. तुम्ही वाड्याचा नकाशा काढलात ना, त्यात तो कुठे उभा राहायचा तेही दाखवायचं होतं.”

तो रागावून बोलला नव्हता. पण माझ्या कानशिलाला ऊब आली. मी लगेच म्हटलं की कादंबरी म्हणजे काही सातबारा नव्हे, लेखकाने कोणाकडे बघायचं ते लेखक ठरवतो, आपण साहित्याकडे साहित्य म्हणून बघायला हवं. सगळं बरोबर होतं. एकही वाक्य मागे घ्यावं असं आजही वाटत नाही. पेंडशांनी सत्तेची नशा आणि तिची पडझड ज्या निर्ममपणे दाखवली ते मोठंच काम आहे, हे मत कायम आहे. पण ती वाक्यं मी साहित्याच्या बचावासाठी बोललो होतो का? नाही. मी माझ्या नकाशाच्या बचावासाठी बोललो होतो.

खोती म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. सरकारचा सारा गोळा करायचा अधिकार खोताकडे. कुळाने जमीन कसायची, भात निघालं की अर्धेलीने अर्धं खोताच्या वळईत, वर वेठ वेगळी. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव त्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं होतं. कायद्याने खोती संपली ती 1949 च्या निर्मूलन कायद्याने. हे सगळं मला ठाऊक होतं, त्याच चर्चेत मी सालांसकट सांगितलंही होतं. फक्त सांगताना माझ्या डोळ्यांपुढे ओटी होती, अंगण नव्हतं. आमचं घर खोतांचं नव्हे. पण खोताच्या पडवीत वर बसायला मिळणाऱ्यांतलं होतं, आणि वर बसलेल्या माणसाला खालच्यांची गर्दी दिसते, चेहरे वेगळे दिसत नाहीत.

त्याचं म्हणणं मला पुरतं पटलं असंही नाही. प्रत्येक कादंबरीने प्रत्येकाच्या आजोबांचा हिशेब चुकता केला पाहिजे असा नियम केला तर कादंबरी उरणार नाही. हे मी त्याला नंतर फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “नियम नको काका. पण मी वाचताना त्याला शोधणारच.” यावर काय बोलायचं? आम्ही तासभर बोललो, मग पावसाबद्दल, मग एसटीच्या बदल्यांबद्दल. गटातल्या कोणाशी मी त्याआधी पुस्तकाबाहेरचं इतकं बोललो नव्हतो.

आमच्या घरी श्रावणात पोथी लागायची. श्रीधरस्वामींचा ‘पांडवप्रताप’, कधी ‘शिवलीलामृत’. आजोबा वाचायचे, वाडीतली माणसं संध्याकाळी येऊन बसायची, बायका दाराच्या आत. वाचून झालं की कोणी मत द्यायचं नाही. कोणी डोळे पुसायचं, कोणी पेंगायचं, कोणी ओव्यांच्या अर्थाऐवजी भाताच्या रोपाचा विचार करत असेल. पण ऐकायला येणं हीच मोठी गोष्ट होती. पोथी रचणाराही मधूनमधून श्रोत्यांना हाक मारतो, त्यांचं लक्ष आहे ना बघतो. मी त्या बैठकीचं गुणगान करणार नाही. कोण कुठे बसायचं आणि कोणाला उंबऱ्याबाहेरच थांबावं लागायचं, हे मला संगमेश्वरच्या मित्राने वेगळं सांगायची गरज नाही. तरी एक फरक खरा आहे. आमच्या गटात सगळे वाचक आहेत, श्रोता कोणीच नाही. एकाचं बोलणं चालू असताना बाकीच्यांच्या तोंडावर एक विशिष्ट भाव असतो. तो ऐकण्याचा नसतो, पुढचा नंबर आपला असल्याचा असतो. पडद्यावर स्वतःचाही चेहरा दिसतो म्हणून मला हे खात्रीने माहीत आहे.

रत्नागिरी शहरातलं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. मी तिथे नेमाने जातो. वर्तमानपत्रांच्या टेबलावर समोर बसणाऱ्या गृहस्थांचं नाव मला आजही माहीत नाही. न्यू जर्सीच्या भाऊंना गौरी देशपांडे का आवडत नाहीत, हे मात्र मी तपशीलवार सांगू शकतो. वाचनालयात शांतता पाळायची असते, असं कारण मी स्वतःला देतो. पायऱ्यांवर बोलायला कोणाची बंदी नाही.

मग 22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. आमच्या ताईंचा फोन लागेना. गटावर आम्ही सगळे ‘काळजी घ्या’ लिहीत होतो, जे त्यांना दिसण्याची शक्यता नव्हती. आम्ही ते एकमेकांना दाखवत होतो. त्यांचा फोन आला तेव्हा त्या माळ्यावर दिवस काढून खाली उतरल्या होत्या. घरातल्या वस्तूंची यादी त्यांनी सांगितली नाही. एकच विचारलं, “वाचन मंदिरचं काही कळलं का?” लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, 1864 पासूनचं. 2005 च्या पुरात बुडालेलं, आता पुन्हा बुडालं. फुगलेली, चिखलाने एकमेकींना चिकटलेली पुस्तकं.

गटाने पुस्तकं जमवायची ठरवली. मी कपाट उघडून बसलो. हात कुठे जातो ते बघत होतो, कारण अशा वेळी हात खोटं बोलत नाही. तो दोन प्रती असलेल्या पुस्तकांकडे गेला. मग भेट आलेल्या, न उघडलेल्या पुस्तकांकडे. मग ज्यांच्यावर बोलून झालं होतं त्यांच्याकडे. गटात चर्चा झालेलं पुस्तक म्हणजे माझ्या लेखी पिळून झालेला ऊस. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी काढलं आणि परत ठेवलं. चिपळूणच्या त्या वाचनालयात कोणी कोकणातला पाऊस बघत बघत ते वाचेल, असं वाटलं, तरी ठेवलं. त्यात माझ्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, असं कारण दिलं. खुणा खऱ्याच होत्या. पण खुणांचं पुस्तक वाचनालयाला चालत नाही म्हणून मी ते ठेवलं, की मला सोडवत नव्हतं म्हणून? दुसरं. ती मोठी चूक नव्हे. माणसाने आवडतं पुस्तक जवळ ठेवावं. फक्त खोका भरून झाल्यावर त्याचा फोटो मी गटावर टाकला तेव्हा वरच्या थराला नीट लावलेली पुस्तकं कोणती होती, ते आठवतं. खालचा थर फोटोत येत नाही.

ताईंनी त्या फोटोवर नुसते हात जोडले. पुढच्या महिन्यात त्या सभेला आल्या आणि पुस्तक वाचलं नाही असं सरळ सांगून शेवटपर्यंत ऐकत बसल्या. बोलल्या नाहीत. त्या रात्रीच्या सभेत कोण काय बोललं ते मी विसरलो, त्या बसल्या होत्या ते आठवतं.

मैत्रीची आमच्याकडची मोजमापं वेगळी आहेत. गणपतीत आरतीला कोण येतं, आंबा उतरवायला कोण हात देतं, रात्री दवाखान्यात न्यायचं झालं तर गाडीसाठी कोणाचा दरवाजा वाजवायचा. या मापाने गटातलं कोणीच माझं कोणी नाही. शेजारी आहेत ते या मापात पुरून उरतात, आणि त्यांच्याशी मी पुस्तकाबद्दल एक शब्द बोलत नाही, कारण त्यांना गोडी नाही असं मी आधीच ठरवून टाकलंय. त्यांना कधी विचारलेलं नाही. गटाकडे माझी ओढ आहे ती त्यांच्याशी विचार जुळतात म्हणून, हे अर्धं सत्य. उरलेलं अर्धं असं की त्यांच्यासाठी मला उठून कुठे जावं लागत नाही. फोन बंद केला की ते जातात. शेजारी जात नाहीत.

आता संगमेश्वरच्या मित्राने गणपतीला घरी बोलावलंय. पडद्यावर आम्ही दोघे नुसते वाचक आहोत, ते सोपं आहे. त्याच्या पडवीत मी बसलो की आम्ही दोन घरं होऊ, दोन आजोबांसकट. मी उत्तर द्यायला वेळ लावला आणि त्यानेही तो लागू दिला. शेवटी येतो म्हटलं. तो म्हणाला, “काहीतरी वाचायचं घेऊन या. आईला आता दिसत नाही फारसं, ऐकायला आवडतं. पण समजावून सांगू नका हां, तिला राग येतो.”

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढून ठेवली आहेत. त्यांच्या गोष्टीला कोणी समजावून सांगणारा लागत नाही, म्हणून. काल मोठ्याने वाचून बघितलं. पानभर होईतो माझा तो रविवारचा स्वर लागला, प्रत्येक विनोदाआधी किंचित थांबणारा, इथे हसायचं असं सुचवणारा. बायको आतून म्हणाली, “भरभर वाचा की.” वाचलं. विनोद आपले आपण झाले. तिच्या हातातली भाजी चिरायची राहिली, एवढं मला दिसलं.