साथ, शीव आणि सार्वजनिक पाणी

मुंबई इलाख्यात १८८४च्या कायद्यानंतर दवाखाने, पिण्याचे पाणी, देवी टोचणे अशी कामे जिल्हा व तालुका लोकल बोर्डांकडे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी साथींना तोंड द्यायचे ते याच संस्थांच्या तुटपुंज्या पैशांत. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र वैद्यकाइतकाच धर्माचा होता: आजाऱ्याला वेगळे ठेवायचे ते कोणत्या नात्याने, आणि ही जबाबदारी कुठवर पोचते?

वेगळे ठेवणे खेड्यांना नवे नव्हते. घरात देवी आल्या की फोडणी बंद होई, दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत, परका माणूस उंबऱ्यावरूनच परते. मुलाच्या अंगी देवी उतरली आहे, या भावनेने त्याची सेवा होई. १८९७च्या प्लेगात पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून रोगी बाहेर काढले. दूर ठेवणे तेच, पण इथे रोगी निव्वळ धोका ठरला. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीमागे या विटंबनेचा संताप होता. पुढे सरकारने सक्ती सैल केली.

म्हणून जुनी रीत निर्दोष ठरत नाही. पटकी आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडत. पलीकडच्या गावाने तो पुढच्या शिवेवर न्यायचा. शेजारच्या गावाचे काय, हा विचार त्या विधीत नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरांत तर शीव फार जवळची. ठाकुरवाडी वर, गाव पायथ्याशी, आणि बऱ्याचदा ओढा दोघांचा. वरच्या वाडीतली पटकी त्याच पाण्याने खाली उतरू शकते. विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकून पाणी गुलाबी करणाऱ्या कर्मचाऱ्याचे काम म्हणूनच नैतिकही होते: ती विहीर पाणी पिणाऱ्या प्रत्येकाची, हे त्यात गृहीत होते.

समाजाने ते गृहीत धरले नव्हते. सार्वजनिक पैशांतल्या विहिरी, पाणवठे, दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. याच कुलाबा जिल्ह्यातल्या महाड नगरपालिकेने १९२४मध्ये चवदार तळे खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो अनुयायी तिथले पाणी प्याले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्याने तळे ‘शुद्ध’ केले. शुद्धीची ही कल्पना आरोग्यशास्त्राच्या स्वच्छतेच्या थेट विरुद्ध होती, कारण तिचा रोख जंतूंवर नसून माणसांवर होता. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७मध्ये आपला ठराव मागे घेतला. तळ्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य झाला तो मार्च १९३७मध्ये.